नाण्यावरचा समुद्रदेव

अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर घुबड आहे. पुरोभागावर शिरस्त्राण घातलेली अथीना, पृष्ठभागावर तिचं टपोऱ्या डोळ्यांचं घुबड आणि शेजारी ऑलिव्हची डहाळी. समुद्राचा कुठे मागमूस नाही. ज्या शहराने इ.स.पू. 480 मध्ये सालामिसच्या चिंचोळ्या पाण्यात इराणी आरमाराची दाणादाण उडवली, ज्याचा दरारा मुळात जहाजांच्या जोरावर उभा होता, त्या शहराने आपल्या मुख्य चलनावर समुद्रदेव पोसायडनला कधीच जागा दिली नाही.

ही चांदी यायची कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. अथेन्सच्या दक्षिणेला लॉरियनच्या खाणी होत्या. इ.स.पू. 483 च्या सुमारास तिथे चांदीचा मोठा साठा लागला. आलेली रक्कम नागरिकांत वाटून टाकायची, असा बेत चालला होता. अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याने लोकांना समजावून ती युद्धनौकांकडे वळवली. सालामिसला लढलेली जहाजं या चांदीतूनच बांधली गेली. या खाणींपासून काही किलोमीटरवर, सुनियनच्या कड्याच्या टोकाला, पोसायडनचं संगमरवरी मंदिर आहे. म्हणजे देव खाणीच्या दाराशी उभा आणि खाणीतून निघालेल्या चांदीवर मात्र त्याची पुतणी. पुराणकथेतही हेच घडलं होतं. अथेन्स कोणाचं यावरून दोघांत चढाओढ लागली, पोसायडनने त्रिशूळ मारून खाऱ्या पाण्याचा झरा काढला, अथीनाने ऑलिव्हचं झाड लावलं आणि निकाल झाडाच्या बाजूने लागला.

अथेन्स एकटं नाही. ऱ्होड्स हे बेट समुद्री व्यापारावर गबर झालं, पण त्याच्या नाण्यांवर सूर्यदेव हेलिऑस आणि गुलाब. कॉरिंथला दोन समुद्रांवर दोन बंदरं, शेजारीच पोसायडनच्या नावाने भरणारे इस्थमियन खेळ, तरी नाण्यावर पंखांचा घोडा पेगॅसस आणि अथीना. पेगॅसस हा पोसायडनचाच पुत्र मानला जाई हे खरं, पण बापाला नाण्यावर जागा मिळाली नाही. ज्यांच्या हातात समुद्र होता त्यांना नाण्यावर समुद्रदेव मिरवायची फारशी गरज वाटलेली दिसत नाही. तो मिरवला दोघांनी: ज्यांचं नावच त्याच्यावरून पडलं होतं अशा गावांनी, आणि ज्यांना समुद्रावर हक्क सांगायचा होता अशा राजांनी.

आधी गावाकडे जाऊ.

दक्षिण इटलीत, आजच्या नेपल्सच्या खाली, इ.स.पू. 600 च्या आसपास सिबॅरिस या श्रीमंत ग्रीक शहरातल्या लोकांनी एक वसाहत केली आणि तिला पोसायडोनिया हे नाव दिलं. रोमन लोकांनी पुढे तिचं पेस्टम केलं. इ.स.पू. 530 नंतरच्या काही दशकांत या गावाने जी चांदीची नाणी पाडली, ती माझ्या मते ग्रीक नाण्यांमधली सगळ्यात धाडसी नाणी आहेत.

नाणं हातात घेतल्यावर आधी जाणवतो तो त्याचा पातळपणा. रुंदी जवळपास तीन सेंटिमीटर, वजन साडेसात ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाऊण तोळ्यालाही कमी. कडेने पीळ दिलेल्या दोरखंडासारखी नक्षी. मधोमध पोसायडन, डावीकडून उजवीकडे झपाट्याने पाऊल टाकणारा. अंगावर वस्त्र असं नाही, दोन्ही खांद्यांवरून एक लहान शेला तेवढा लोंबतो आहे आणि त्याच्या घड्या रेघ मारावी तशा सरळ आहेत. डावा हात समोर ताणलेला, उजवा मागे वर उचललेला आणि त्यात फेकण्याच्या बेतात असलेला त्रिशूळ. टोकदार दाढी, मण्यांच्या ओळीसारखे केस. पायांच्या पोटऱ्या आणि मांड्या प्रमाणापेक्षा भरदार, कंबर बारीक. बाजूला तीन अक्षरं आहेत. तिसरं आज आपल्याला इंग्रजी ‘एम’ वाटतं, पण ते त्या भागात चालणारं ‘स’चं जुनं अक्षर आहे. वाचायचं ‘पोस’. एवढं पुरे होतं, कारण उरलेलं नाव चित्रच सांगत होतं.

आता नाणं उलटा. पाठीमागेही तोच देव, तेच पाऊल, तोच त्रिशूळ, फक्त उठावाऐवजी आत दबलेला. चांदीच्या तबकावर मागून ठोकून नक्षी उठवतात तसा हा प्रकार असावा असं पहिल्या नजरेला वाटतं. तसं नाही. तबकावर कारागीर एका बाजूने ठोकत जातो. इथे दोन वेगळे ठसे कोरलेले आहेत. खालच्या ठशात आकृती खोदलेली, वरच्या ठशात तीच आकृती उंचावलेली. खालचा ठसा ऐरणीत बसवायचा, त्यावर तापवलेली चांदीची चकती ठेवायची, वरचा ठसा धरायचा आणि घण घालायचा. वरचा ठसा किंचित जरी फिरला तरी एका देवाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यात जायचा आणि पातळ चकती फाटायची. म्हणजे हे दोन ठसे दर घावाला बरोबर समोरासमोर यायला हवेत. हे त्यांनी हजारो वेळा कसं साधलं यावर अभ्यासकांनी बराच खल केला आहे.

अशी आत दबलेली नाणी त्या काळात सिबॅरिस, क्रोटॉन, मेटापोंटम अशा दक्षिण इटलीतल्या आणखी काही ग्रीक शहरांनी पाडली आणि ग्रीक जगात इतरत्र ती पद्धत जवळपास नाहीच. का पाडली? एक लोकप्रिय कल्पना अशी की, ही पायथागोरसची करामत. तो त्याच सुमाराला क्रोटॉनला येऊन राहिला होता, त्याचा बाप रत्नांवर कोरीवकाम करणारा होता अशी आख्यायिका आहे आणि उंच-खोल, उजवं-डावं अशा जोड्यांचा त्याच्या तत्त्वज्ञानाला सोस होता. कल्पना सुरेख आहे, पण पुरावा शून्य, आणि सिबॅरिसची अशी पहिली नाणी तो येण्याआधीची असण्याचा संभव आहे. मला दुसरं कारण जास्त पटतं. या शहरांच्या आसपास चांदीच्या मोठ्या खाणी नव्हत्या. चांदी यायची ती बहुधा परक्या नाण्यांच्या रूपात. मेटापोंटमच्या काही नाण्यांखाली कॉरिंथच्या घोड्याच्या पुसट खुणा अजून दिसतात. परकं नाणं ठोकून पसरट केलं आणि त्यावर दोन्ही बाजूंनी घट्ट बसणारा ठसा मारला की जुनी ओळख पुसायला सोपं.

इ.स.पू. 510 मध्ये क्रोटॉनने सिबॅरिस जमीनदोस्त केलं. पुढे पोसायडोनियाने नाण्याची घडण बदलली. चकती लहान आणि जाड झाली, दोन्ही बाजूंना उठाव आला. पुढे देव तसाच राहिला आणि मागे बैल आला. बैल पोसायडनला बळी देत असत हे खरं, पण बैल हे नाहीशा झालेल्या सिबॅरिसचंही चिन्ह होतं. लेकीने आईचं कुंकू जपावं तसं काहीसं.

या गावाची पुढची गोष्ट नाण्यांपुरती थोडक्यात सांगतो. इ.स.पू. 400 च्या आसपास ते ल्युकेनियन लोकांच्या ताब्यात गेलं, 273 मध्ये रोमन वसाहत झालं. टॅरेंटमच्या ॲरिस्टॉक्झेनस या ग्रीक लेखकाने लिहून ठेवलं आहे की, तिथले ग्रीक वर्षातून एकदा सणाला जमत, जुने शब्द आणि जुने रिवाज आठवत, रडत आणि घरी जात. आज तिथे तीन भव्य ग्रीक मंदिरं उभी आहेत. त्यातल्या सगळ्यात चांगल्या राखलेल्या मंदिराला अठराव्या शतकातल्या लोकांनी गावाच्या नावावरून बेधडक ‘नेपच्यूनचं मंदिर’ म्हटलं आणि ते नाव चिकटलं. बहुतेक अभ्यासक आता ते हेराचं मानतात. उरलेल्या दोनांतलं एक हेराचं, दुसरं अथीनाचं. समुद्रदेवाच्या नावाच्या गावात समुद्रदेव खात्रीने भेटतो तो नाण्यावरच.

या नाण्यावरची त्रिशूळ फेकणारी मुद्रा आणखी एका वादात साक्षीला बोलावली जाते. 1926 आणि 1928 मध्ये ग्रीसच्या आर्टेमिशियन भूशिराजवळ समुद्रतळातून एक ब्राँझची मूर्ती तुकड्यांत निघाली. उंची दोन मीटरहून थोडी जास्त, हात असेच ताणलेले, उजव्या मुठीतलं शस्त्र गायब. त्रिशूळ असेल तर पोसायडन, वज्र असेल तर झ्यूस. पोसायडनवाले पोसायडोनियाच्या नाण्याकडे बोट दाखवतात. झ्यूसवाले म्हणतात की, लांब दांड्याचा त्रिशूळ या मुठीत ठेवला तर तो मूर्तीच्या चेहऱ्यावर आडवा येतो आणि इतका सुंदर चेहरा झाकायला शिल्पकार खुळा नव्हता. नाण्याभोवती कोणी फिरून पाहत नाही, मूर्तीभोवती फिरतात. आज बहुमत झ्यूसच्या बाजूने आहे आणि मीही त्यातच आहे.

नावावरून पडलेलं दुसरं गाव म्हणजे पोटिडिया. उत्तर ग्रीसमधल्या कॅल्किडिकी प्रदेशात जमिनीच्या एका अरुंद पट्टीवर कॉरिंथच्या लोकांनी वसवलेलं. इथल्या इ.स.पू. 500 च्या आसपासच्या चांदीच्या नाण्यांवर पोसायडन चक्क घोड्यावर बसला आहे, हातात त्रिशूळ. आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण आपण त्याला फक्त पाण्याचा देव समजतो. ग्रीकांच्या लेखी तो घोड्यांचाही देव होता आणि भूकंपांचाही. जमीन हादरवणारा ही त्याची जुनी ओळख. भूकंपाच्या प्रदेशात राहणाऱ्या लोकांना समुद्र, जमिनीचा हादरा आणि उधळलेला घोडा यांत एकच ताकद दिसली, यात नवल नाही.

पोटिडियाला ही ताकद प्रत्यक्ष भेटली. इ.स.पू. 480-479 च्या हिवाळ्यात इराणी सेनापती आर्टाबाझसने गावाला वेढा घातला होता. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो की, वेढ्याला तीन महिने झाले आणि समुद्राला प्रचंड ओहोटी लागली, फार वेळ राहिली. उघड्या पडलेल्या तळावरून इराणी सैनिक पलीकडे जायला निघाले. दोन भाग अंतर कापलं, तीन भाग उरलं होतं, तोच कधी न पाहिलेली भरती आली. पोहता न येणारे बुडाले, पोहता येणाऱ्यांना नावांतून आलेल्या पोटिडियावाल्यांनी कापून काढलं. गावकऱ्यांच्या मते कारण स्पष्ट होतं. याच इराण्यांनी गावाबाहेरच्या पोसायडनच्या मंदिराची आणि मूर्तीची विटंबना केली होती. हिरोडोटसही म्हणतो, मला हे पटतं. आधी दूरवर हटलेलं पाणी आणि मग चालून आलेली भिंत, हे वर्णन 2004 च्या डिसेंबरमधल्या त्सुनामीनंतर कोणाला समजावून सांगावं लागत नाही. त्या किनाऱ्यावर जर्मन भूवैज्ञानिकांना उंच लाटांनी आत आणून टाकलेल्या वाळूचे थरही सापडले आहेत. नाण्यावरचा घोडेस्वार म्हणजे त्या विटंबना झालेल्या मूर्तीचीच प्रतिमा असावी, असं बरेच अभ्यासक धरून चालतात. तसं असेल तर ती मूर्ती आज फक्त तीनेक ग्रॅमच्या आणि काही थोड्या मोठ्या चांदीच्या तुकड्यांवर उरली आहे. गाव इ.स.पू. 356 मध्ये मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपने उद्ध्वस्त केलं.

गावं झाली. आता राजे, आणि राजांमध्ये डेमेट्रियस.

सिकंदराच्या मृत्यूनंतर त्याचे सरदार साम्राज्यावर तुटून पडले. त्यांतला एकाक्ष अँटिगोनस आणि त्याचा देखणा, उधळा मुलगा डेमेट्रियस. इ.स.पू. 306 मध्ये सायप्रसच्या सालामिसजवळ (हे अथेन्सजवळचं सालामिस नव्हे) डेमेट्रियसने इजिप्तच्या टॉलेमीचं आरमार साफ मोडलं. या विजयानंतर बापलेकांनी राजा ही पदवी घेतली. पण विजयाची नाणी लगेच आली नाहीत. आधी 301 मध्ये इप्ससची लढाई झाली, बाप मारला गेला, आशियातलं राज्य गेलं, अथेन्सने दार लावून घेतलं. डेमेट्रियसकडे उरलं ते आरमार आणि किनाऱ्यावरची काही शहरं. नेमक्या या पडत्या काळात त्याने चांदीची ती प्रसिद्ध नाणी काढली. पुढे जहाजाच्या नाळेवर उभी राहून तुतारी फुंकणारी विजयदेवी नायकी, मागे त्रिशूळ फेकायच्या पवित्र्यातला पोसायडन आणि ‘राजा डेमेट्रियसचं’ असा लेख. वजन सतरा ग्रॅम आणि वर काही, म्हणजे साधारण दीड तोळा. एका नाण्यात सैनिकाचा चार दिवसांचा पगार सहज निघत असेल. पगार घेणाऱ्याला सांगायचं होतं ते एवढंच: जमीन गेली असेल, पाणी अजून आपलं आहे.

पुढच्या नाण्यांवर त्याचा स्वतःचा चेहरा आला. जिवंत राजाने नाण्यावर आपली छबी पाडायची, ही चाल तेव्हा नवी होती. तरुण, दाढी नसलेला चेहरा, मोठे डोळे, केसांभोवती राजपट्टा आणि केसांतून वर आलेलं बैलाचं लहानसं शिंग. मागे पोसायडन, पण आता तो फेकत नाही. एक पाय खडकावर टेकवून, त्रिशूळाच्या आधाराने निवांत उभा आहे. इ.स.पू. 291 च्या सुमाराला, ज्या अथेन्सने दार लावलं होतं त्याच अथेन्सने डेमेट्रियसच्या स्वागताला गीत गायलं. त्यात त्याला पोसायडनचा पुत्र म्हटलं होतं आणि बाकीचे देव दूर आहेत किंवा बहिरे आहेत, तू मात्र समोर दिसतोस, अशी मखलाशी होती. मधल्या काळात मिळवलेलं मॅसिडोनियाचं राज्य 288 मध्ये त्याच्या हातून गेलं. सिकंदराचाच दुसरा सरदार सेल्युकस याच्या कैदेत, दारू आणि फाशांच्या संगतीत, तो 283 मध्ये मेला.

त्याच्या तुतारीवाल्या नायकीने पुढे विद्वानांना चांगलंच फसवलं. 1863 मध्ये सॅमोथ्रेस बेटावर पंखांची प्रसिद्ध नायकी सापडली, जी आज पॅरिसच्या लूव्रमध्ये जिन्याच्या माथ्यावर उभी आहे. नंतर तिच्या पायाखालची जहाजाची नाळही ओळखू आली. हात नव्हते. व्हिएन्नाच्या संशोधकांनी डेमेट्रियसचं नाणं काढलं, मूर्ती आणि नाणं जुळवलं आणि तिच्या हातात तुतारी असल्याचं ठरवून टाकलं. मूर्तीचा काळही त्याच्या विजयाशी जोडला गेला. 1950 मध्ये सॅमोथ्रेसला मूर्तीचा उजवा पंजा सापडला. तो उघडा आहे. त्यात तुतारी कधीच नव्हती, आणि मूर्तीही आता बहुतेकांच्या मते बरीच नंतरची ठरते. नाणं साक्षीदार म्हणून चांगलं असतं, पण त्याला त्याच्या स्वतःच्या खटल्यापुरतंच बोलवावं.

डेमेट्रियसच्या घराण्यातलं आणखी एक नाणं सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यावर पोसायडनचं नुसतं डोकं आहे. दाढी भरघोस, केस ओलसर बटांत खाली आलेले आणि डोक्याला पानांऐवजी समुद्रशेवाळाचा मुकुट. समुद्रदेवाचा इतका ओला चेहरा दुसऱ्या कुठल्या नाण्यावर मी पाहिलेला नाही. मागे अपोलो धनुष्य घेऊन जहाजाच्या नाळेवर बसला आहे आणि ‘राजा अँटिगोनसचं’ हा लेख थेट नाळेच्या फळ्यांवर कोरला आहे, जसं जहाजाचं नाव लिहावं. हा अँटिगोनस कोणता? डेमेट्रियसचा मुलगा गोनाटस की नातवंडांच्या पिढीतला डोसन? पूर्वी गोनाटस म्हणत, अलीकडे पारडं डोसनकडे झुकतं आहे.

आणि आता समुद्रापासून शेकडो कोस दूर.

हिंदुकुशच्या उत्तरेला, आजच्या उत्तर अफगाणिस्तानात, बॅक्ट्रियाचं ग्रीक राज्य होतं. इ.स.पू. 180 च्या आसपास तिथे अँटिमॅकस नावाचा राजा झाला. त्याच्या चांदीच्या नाण्यावर त्याचा चेहरा ग्रीक जगातल्या उत्तम चेहऱ्यांपैकी एक आहे. डोक्यावर मॅसिडोनियन पद्धतीची चपटी टोपी, ओठांवर न कळेलसं हसू, गाल थोडे ओघळलेले. मागे पोसायडन सरळ उभा, एका हातात त्रिशूळ, दुसऱ्यात विजयाची ताडाची फांदी. लेखात राजाने स्वतःला ‘देव’ म्हणवून घेतलं आहे. कोणी म्हणेल ही पदवी नाण्यापुरतीच असेल. पण त्याच्या अमलातली चामड्यावर लिहिलेली एक करपावती सापडली आहे आणि तिची सुरुवातही ‘देव अँटिमॅकस’च्या राज्यकालाच्या उल्लेखाने होते. कर भरणाऱ्यालाही ते वाचावंच लागत होतं.

पण समुद्र नसलेल्या देशात समुद्रदेव कशाला? ब्रिटिश इतिहासकार टार्न यांनी अंदाज केला की, राजाने एखाद्या मोठ्या नदीवर नौकांची लढाई जिंकली असावी. बाकीचे घोड्यांकडे बोट दाखवतात, कारण बॅक्ट्रियाचे घोडे नावाजलेले होते. भूकंपांचंही कारण देता येईल, हिंदुकुश कधी फार काळ स्वस्थ बसत नाही. मला नदीची लढाई ओढूनताणून आणलेली वाटते. डेमेट्रियसनंतर पोसायडन हा राजेपणाचा एक ठरलेला पवित्रा झाला होता. भूमध्य समुद्रावरच्या मोठ्या दरबारांच्या रांगेत आपणही आहोत, हे दूरच्या राजाला सांगायचं होतं, आणि घोडे आणि भूकंप यांच्यामुळे प्रजेलाही तो देव अगदीच परका वाटला नसावा.

बॅक्ट्रियातले ग्रीक पुढे हिंदुकुश ओलांडून खाली उतरले. त्यांच्यामागून आलेल्या शकांचा राजा मोअस याने तक्षशिलेच्या बाजूला पाडलेल्या तांब्याच्या नाण्यांवर पोसायडन पुन्हा दिसतो, नदीदेवतेच्या खांद्यावर पाय रोवलेला. महाराष्ट्रापर्यंत तो आला नाही. आली ती ग्रीक नाण्याची ठेवण: एका बाजूला राजाचं मस्तक, भोवती लेख. पश्चिम क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांवर ब्राह्मी आणि खरोष्ठीबरोबर ग्रीक अक्षरांतला लेखही आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला 1906 मध्ये अशी तेरा हजारांहून जास्त नाणी एकाच साठ्यात सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे.